चढण सोसते, उतरण शिकावी लागते

दख्खनच्या पठारावर वसलेले आमचे हैदराबाद सपाट आहे, असा बाहेरगावाहून येणाऱ्या पाहुण्यांचा समज असतो. हुसेनसागराच्या काठाने मोटारीतून फिरवून आणले की तो दृढही होतो. मात्र ज्याने हे शहर पायांनी मोजले आहे त्याचे मत निराळे असते. समुद्रसपाटीपासून शहराची सर्वसाधारण उंची सुमारे ५४० मीटर, तर बंजारा हिल्सचा माथा ६७० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे शहराच्या पोटातच शे-सव्वाशे मीटरांचा चढउतार दडलेला आहे. सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या ग्रॅनाइट खडकाच्या पाठीवर आपण राहतो आणि त्या पाठीचे उंचवटे डांबराने झाकले तरी पोटऱ्यांना कळल्यावाचून राहत नाहीत.

गेल्या काही वर्षांत पहाटे धावावयास जाणाऱ्यांची संख्या येथे पुष्कळ वाढली. २००७ साली सुरू झालेल्या ‘हैदराबाद रनर्स’ या मंडळाचा त्यात मोठा वाटा आहे. या धावणाऱ्यांत मराठी घरांतील मंडळीही आता बरीच दिसतात आणि त्यांतील अनेकांना दोन-तीन वर्षांत एकच ओढ लागते : सातारच्या डोंगरी शर्यतीची. आम्हीही त्यांतलेच. घाटाच्या शर्यतीसाठी हैदराबादकराने तयारी कशी करावी आणि ती करताना कोणती गोष्ट सर्वांत अधिक दुर्लक्षिली जाते, हे येथे सांगावयाचे आहे.

डोंगरावरची शर्यत म्हणजे काय?

इंग्लंडच्या उत्तर भागात उघड्या, झाडे नसलेल्या डोंगराला ‘फेल’ म्हणतात. त्या डोंगरांवर धावण्याच्या शर्यतींची परंपरा जुनी आहे. ग्रासमिअर या गावी वाटाड्यांची शर्यत १८६८ सालापासूनची आहे. गावातून सुटावयाचे, समोरचा डोंगर चढावयाचा, माथ्याला वळसा घालून खाली यावयाचे. १९३२ साली केझिक येथील बॉब ग्रॅहम या अतिथिगृहाच्या चालकाने चोवीस तासांच्या आत ४२ शिखरे पायाखाली घातली. अंतर सुमारे १०६ किलोमीटर, एकूण चढण आठ हजार मीटरांहून अधिक. पायांत साधे टेनिसचे बूट आणि खाण्यास पाव-लोणी, उकडलेली अंडी व फळे. पुढे १९७५ साली जॉस नेलर या मेंढपाळाने तेवढ्याच वेळात ७२ शिखरे पार केली. तरुणपणी त्यांच्या पाठीच्या मणक्याची शस्त्रक्रिया झालेली होती. २०२४ साली ते वारले.

या मंडळींविषयी वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. त्यांच्या चढण्याची वाखाणणी होतेच, पण जाणकार विचारतात ते असे की, उतरतो कसा? ओल्या गवतावरून आणि सुट्या दगडांवरून धावत उतरणारा माणूस तेथे खरा डोंगरी धावपटू समजला जातो.

आपल्याकडेही लांब धावण्याची परंपरा अगदीच नवी नाही. बेळगावचे फडेप्पा चौगुले हे १९२० साली अँटवर्प येथील ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले. त्या वर्षीचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते. ते त्यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत कापले आणि एकोणिसावा क्रमांक मिळविला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील सामने आणि सर दोराबजी टाटा यांचा पुढाकार यांमुळे हा योग जुळून आला होता. आपल्या कष्टकरी मुलखातील माणूस लांब पल्ल्यास उपजतच लायक आहे, असे दोराबजींचे मत झाले होते.

आज इंग्लंडच्या फेल-शर्यतीशी खरे नाते सांगावे ते पुण्याजवळच्या सिंहगड, राजगड आणि तोरणा या गडांना जोडणाऱ्या डोंगरवाटांवरील शर्यतीने. पण ती अनुभवी मंडळींची. घरसंसार सांभाळून धावणाऱ्यांना झेपेल अशी वाट म्हणजे २०१२ साली सुरू झालेली सातारची डोंगरी अर्धमॅरेथॉन. साताऱ्यातून निघावयाचे, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागावयाचे, अर्धे अंतर झाले की वळावयाचे आणि त्याच वाटेने उतरून शहरात परत यावयाचे. एकूण अंतर २१.१ किलोमीटर. २०१५ साली येथे २,६१८ धावपटूंनी शर्यत पुरी केली आणि एका डोंगरावरील सर्वांत मोठी शर्यत म्हणून गिनेस बुकात तिची नोंद झाली. रस्ता डांबरी आहे, म्हणून काटेकोर अर्थाने ही फेल-शर्यत नव्हे. पण घाटाचा सारा जाच आणि सारे सुख तीत आहे.

आमच्या चढांची आणि घाटाची जात वेगळी

हैदराबादची मॅरेथॉनही सोपी नाही. ऑगस्टच्या अखेरीस, पावसाळी दमटपणात ती होते. हुसेनसागराकाठच्या नेकलेस रोडवरून सुटणारा धावपटू गच्चीबावलीच्या मैदानावर पोहोचेपर्यंत एकामागून एक उड्डाणपूल आणि बंजारा व ज्युबिली हिल्सचे चढ त्याची वाट अडवितात. देशातील अवघड शहरी मॅरेथॉनींत तिची गणना होते. म्हणून हैदराबादचा धावपटू साताऱ्याला थोडा निर्धास्तच जातो. चढाची सवय आहे, मग चिंता कसली?

येथेच फसगत होते. आमचे चढ तुटक आहेत. पूल चढला की लगेच उतार. फुललेला श्वास मिनिटा-दोन मिनिटांत जागेवर येतो. उतारही तेवढाच आखूड, त्यामुळे मांड्यांवर पडलेला ताण कळण्यापूर्वीच सपाटी येते. साताऱ्याला चढ संपता संपत नाही आणि माथ्यावरून वळल्यावर तितकाच लांब उतार पुढे पसरलेला असतो. चढताना आम्ही सारे सावध असतो. उताराला लागताच आता सुटलो असे वाटते आणि पाय मोकळे सोडले जातात. खरा तोटा तेथेच होतो. चढण दम काढते, तो दम थोडे थांबले की परत मिळतो. उतरणीवर मोडलेल्या मांड्या त्या दिवशी परत मिळत नाहीत.

यामागील कारण शरीरशास्त्रात स्पष्ट आहे. चढताना मांडीचा स्नायू आखडून जोर लावतो. उतरताना त्याच स्नायूला लगामाचे काम करावे लागते. शरीराचा भार पेलत असतानाच तो ताणला जातो. या उलट्या कामात त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. गंमत अशी की, या कामाला प्राणवायू कमी लागतो, म्हणून धाप लागत नाही आणि माणसाला आपण मजेत आहोत असे वाटत राहते. सूचना मिळते ती दुसऱ्या दिवशी, आणि दुखणे शिगेला पोहोचते ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी.

परंतु निसर्गाने यावर एक तोडही देऊन ठेवली आहे. उताराचा बेताचा सराव एकदा झाला, तो स्नायू बरा झाला, की पुढील काही आठवडे तसल्याच कामाने त्याला पूर्वीइतकी इजा होत नाही. स्नायू धडा लक्षात ठेवतो. म्हणूनच उतरणे ही शिकण्याची गोष्ट आहे, नुसत्या हिमतीची नव्हे.

सोळा आठवड्यांची तयारी

पाच किलोमीटर धावत-चालत जाता येते, येथपासून आरंभ धरला तर सोळा आठवडे पुरतात. चाळिशी ओलांडलेल्यांनी प्रथम डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर आणि हृदय यांची तपासणी करून घ्यावी. घरात कोणाला लवकर हृदयविकार झालेला असेल तर ते आवर्जून सांगावे. ही औपचारिकता समजू नये.

आठवड्यातून चार दिवस पुरेत. रविवारी लांब धाव. ती आठ किलोमीटरांपासून सुरू करून आठवड्याला एक किलोमीटर या बेताने वाढवावी, दर चौथ्या आठवड्यास कमी करून पायांना उसंत द्यावी. तेराव्या आठवड्याच्या सुमारास अठरा किलोमीटर होतात. तेवढे पुष्कळ आहे. वेग किती असावा? सोबत्याशी एक संपूर्ण वाक्य न तुटता बोलता यावे, इतका. दुसरा दिवस चढाचा. केबीआर उद्यानाबाहेरील साडेपाच-सहा किलोमीटरांचा फेरा यासाठी उत्तम, कारण तो कोठेच फार वेळ सपाट राहत नाही. तिसरा दिवस सावकाश, सपाट धावेचा.

चौथा दिवस उतरणीचा आणि तोच बहुतेकांच्या वहीत नसतो. पहिले तीन आठवडे धावूच नये, बैठका माराव्यात. आपल्या तालमींतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा व्यायाम येथे नेमका उपयोगी पडतो. फक्त खाली जाताना मनात चारपर्यंत मोजावे, वर मात्र सहज यावे. दुसरा व्यायाम जिन्याच्या पायरीवर. एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाची टाच सावकाश खालच्या पायरीला टेकवावी आणि परत वर घ्यावी. प्रत्येक पायाने दहा वेळा. गुडघा आत झुकू देऊ नये. चौथ्या आठवड्यापासून दोनशे मीटरांचा बेताचा उतार चार वेळा, मग हळूहळू आठ-दहा वेळा. महिन्यातून एखादा रविवार विकाराबादजवळच्या अनंतगिरीस द्यावा. मुसी नदीचे उगमस्थान म्हणून ते आपणांस परिचित आहेच. तेथील घाटरस्ता सातारच्या घाटाची थोडीफार कल्पना देतो. खाजागुड्याच्या खडकांवर चालल्याने घोटे मजबूत होतात, मात्र ग्रॅनाइट ओला असताना तेथे जाऊ नये.

उताराचा शेवटचा जोरकस सराव शर्यतीच्या दोन ते तीन आठवडे आधी संपवावा. त्यानंतर केलेली मेहनत स्नायूंना बरे होण्यास अवधी देत नाही.

उतरण्याची रीत अशी. मागे रेलून टाचांनी ब्रेक लावू नये. धड किंचित पुढे, गुडघे सैल, पावले आखूड आणि भरभर, नजर तीन-चार पावले पुढे. हात थोडे बाजूला ठेवले की तोल राहतो. बुटाची नाडी घोट्याजवळ घट्ट बांधावी, म्हणजे पाऊल पुढे सरकून नखे चेपत नाहीत. नखे दोन-तीन दिवस आधी कापलेली असावीत.

घर आणि स्वयंपाकघर

पहाटे साडेचारला गजर वाजतो तो एकाच्या कानाशी, पण जागे सारे घर होते. दूध, मुलांचे डबे, वडीलधाऱ्यांचा चहा ही कामे कोणीतरी उचललेली असतात म्हणूनच कोणीतरी धावू शकते. पुरुष धावतो तेव्हा हे बोलण्याचीही गरज भासत नाही. गृहिणी किंवा नोकरी करणारी स्त्री धावू लागली की मात्र प्रश्न उभा राहतो. आमच्या परिचयातील ज्या स्त्रिया या तयारीत टिकल्या, त्यांच्या घरी रविवार सकाळचे स्वयंपाकघर दुसऱ्या कोणीतरी स्पष्टपणे आपल्याकडे घेतले होते. हाही तयारीचाच भाग मानावा. स्त्रियांनी काळोखात एकट्याने न जाता दोघी-तिघींनी मिळून जावे. भटक्या कुत्र्यांच्या आणि वाहनांच्या दृष्टीनेही हे बरे. अंगावर फिका, चमकता कपडा असावा आणि समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावावे.

खाण्यासाठी परदेशी पुड्या आणण्याचे कारण नाही. रोजची भाकरी, वरण-भात, उसळी आणि दही यांवर ही शर्यत होते. लांब धावेच्या आधी तास-दीड तास एखादे केळे किंवा गूळ लावलेली पोळी. वाटेत खजूर किंवा लहान तुकडे केलेली चिक्की. परत आल्यावर मीठ घातलेले ताक आणि तासाभरात नीट जेवण. पाण्याचा मात्र विवेक हवा. तहान लागेल तसे घोट-घोट प्यावे. भीतीपोटी तांब्याच्या तांब्या पाणी प्यायल्याने रक्तातील मिठाचे प्रमाण उतरते आणि तेही धोक्याचे असते. शर्यतीपूर्वी वेदनाशामक गोळी घेऊन धावण्याची एक वाईट चाल पडली आहे. शरीरातील पाणी कमी झालेले असताना अशा गोळ्या मूत्रपिंडास अपाय करतात, आणि जी वेदना थांबण्याची सूचना देणार तीच दडपून टाकतात.

साताऱ्याचा दिवस

हैदराबादहून सोलापूर, पंढरपूर, म्हसवड, दहिवडी असा रस्ता आहे. म्हसवड-दहिवडीचा हा माण तालुका म्हणजे दुष्काळी मुलूख. येथील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. त्या माळांकडे पाहत साताऱ्यास पोहोचले की मन आपोआप तयार होते. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचावे, साधे जेवावे, लवकर निजावे. कंदी पेढे शर्यतीनंतर.

सुटताना गर्दी, ढोल आणि उत्साह यांच्या भरात पहिले दोन किलोमीटर अकारण वेगाने जातात. तो मोह टाळला तर निम्मी शर्यत जिंकली. घाट लागला की घड्याळ विसरून श्वासाकडे लक्ष द्यावे. चढ फार उभा झाला तर खुशाल चालावे. अशा ठिकाणी भरभर चालणाऱ्यात आणि कुथत धावणाऱ्यात फारसे अंतर पडत नाही, शक्ती मात्र वाचते. इंग्लंडचे डोंगरी धावपटूही मांड्यांवर हात टेकून चालत चढतात. वळणावळणावर सातारा शहर आणि अजिंक्यतारा खाली खाली जाऊ लागतो. ढग अंगावरून जातात. वर आले की जांभ्या दगडाचे पठार आणि पावसाळ्यात त्यावर उगवणारी इवली रानफुले. युनेस्कोने २०१२ साली जागतिक वारशात घेतलेल्या पश्चिम घाटाच्या स्थळांत पुढचे कास पठारही आहे.

आम्हां हैदराबादकर मराठी कुटुंबांपैकी पुष्कळांचे मूळ मराठवाड्यात. आमचा डोंगर म्हणजे बालाघाट. सह्याद्री आमच्या बोलण्यात आणि मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात जितका आहे तितका तो पायांना ठाऊक नसतो. ही ओळख पायांनी करून घेण्यात एक वेगळे समाधान आहे, हे मान्य केले पाहिजे.

पण अर्धे अंतर झाले, वळलो, की खरी शर्यत सुरू होते. उताराचे पहिले तीन किलोमीटर मुद्दाम राखून धावावे. जमलेला वेळ भरून काढण्याची घाई येथे करू नये. ओली पाने, रस्त्याच्या कडेचा कल आणि चढणाऱ्यांची गर्दी यांकडे लक्ष असावे. ज्याने मांड्या राखल्या त्याला शेवटचे चार किलोमीटर धावता येतात. बाकीचे रस्त्याच्या कडेला कठडा धरून उभे असलेले दिसतात, आणि त्यांत तरुण व वेगवान मंडळीच अधिक असतात.

सोडून देण्याचे धैर्य

एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. आमच्यासोबत आलेल्या एक निवृत्त शिक्षिका, वय सत्तावन्न, चढ व्यवस्थित चढल्या. परतीच्या वाटेवर चौदाव्या किलोमीटरच्या पुढे त्यांना घाम येऊनही थंडी वाजू लागली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या रस्त्याच्या कडेला बसल्या, स्वयंसेवकाला हाक मारली आणि रुग्णवाहिकेतून खाली आल्या. वर्षभराची मेहनत, हैदराबादहून आलेले कुटुंब, गळ्यात पडणारे पदक, हे सारे सोडण्यास त्यांना एक मिनिट लागले. डॉक्टरांनी सलाईन लावले आणि संध्याकाळी त्या आमच्याबरोबर जेवल्या. “नातवाला मी परत हवी आहे, पदक नको,” एवढेच त्या म्हणाल्या. पुढील वर्षी त्यांनी शर्यत पुरी केली, पण आम्हांला त्यांचे पहिलेच वर्ष अधिक मोलाचे वाटते.

छातीत दुखणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर, गोंधळल्यासारखे होणे, घाम एकाएकी थांबणे यांपैकी काहीही झाले तर तेथेच थांबावे. ताप येऊन गेल्यास त्या वर्षी प्रेक्षक व्हावे. घाट पुढच्या वर्षीही तेथेच असतो. मुलांपुढे आपण काय ठेवतो, याचाही विचार करावा. कसेही करून पोहोचणे हा धडा त्यांना सगळीकडे मिळतो. वेळीच थांबणे त्यांना घरातूनच शिकावयाचे असते.

परत आल्यावर चार-पाच दिवस धावू नये. चालावे, हलके ताण द्यावेत, झोप पुरी घ्यावी. ज्यांना ऑगस्टमध्ये हैदराबादची पूर्ण मॅरेथॉन आणि लगेच काही आठवड्यांत साताराही करावयाचा मोह होतो, त्यांनी एका वर्षी एकच निवडावे, असे आमचे सांगणे आहे.

आणि तयारी नीट झाली होती की नाही, हे ओळखावयाचे कसे? पदकावरून नव्हे, वेळेवरूनही नव्हे. शर्यत रविवारी होते. मांड्यांचे दुखणे भरास येते ते मंगळवारी. त्या मंगळवारी सकाळी कामावर जाताना घराचा जिना कठड्याला हात न लावता उतरता आला, तर समजावे की आपण घाट केवळ चढून आलो नाही, उतरूनही आलो.